‘शक’ शब्द आणि एक सदोष अनुमान

‘शक’ हे मुळात एका जमातीचे नाव. पुढे त्यास ‘कालगणना’ असा सामान्य अर्थ आला. इ. स. १६७४ चा ‘राज्याभिषेक शक’ हा त्याच अर्थाचा प्रयोग होय. त्यामुळे ‘शालिवाहन शक’ म्हणताच तो शालिवाहनाने सुरू केला, असे अनुमान सहज निघते. परंतु इ. स. ५७८ च्या बदामी लेखात शकराजाच्या राज्याभिषेकापासून ५०० वर्षे लोटल्याचे म्हटले आहे. नाशिकच्या लेखांत सातवाहन राजे केवळ आपली राज्यवर्षे देतात. शालिवाहनाचे नाव या गणनेस बऱ्याच काळाने जोडले गेले. विशेषनामाचे सामान्यनाम झाल्यावर कर्त्याची जागा रिकामी पडली व ती दंतकथेने भरली. तात्पर्य, नामावरून कर्ता ठरविण्यापूर्वी शब्दाचा तत्कालीन अर्थ निश्चित करणे अगत्याचे आहे.