कांशाची किंमत

पाश्चात्य वाद्यवृंदांतील ढोलवादकाच्या डाव्या हाताशीं उभ्या दांडीवर झांजांची एक जोडी असते. पायाच्या दाबानें ती मिटते, पाय सैल सोडला कीं उघडते. हिला हाय-हॅट म्हणतात. घरांतील मुलानें हें वादन शिकावयाचें ठरविलें म्हणजे पहिला प्रश्न येतो तो हिच्या किंमतीचा. स्वस्त झांज ती वाईट झांज, हा समज इतका रूढ आहे कीं त्याचें मूळ पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

तें मूळ कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडतें. १६१८ च्या सुमारास अवेदिस नांवाचा आर्मेनियन किमयागार सोनें करण्याच्या नादांत असतां त्याच्या हातीं तांबें व कथील यांचें एक सुस्वर मिश्रण लागलें, असें त्याच्या घराण्यांत परंपरेनें सांगतात. सुलतानाकडून त्यास झिल्जियन, म्हणजे झांजकाराचा पुत्र, हें उपनांव मिळालें व १६२३ मध्यें त्यानें स्वतःची ओतशाळा काढली. कृति घराण्याबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं, हा त्यांचा दंडक. १९२९ मध्यें बॉस्टनजवळील क्विन्सी येथें वंशजांचा कारखाना निघाला, तेव्हां तें गुह्य अमेरिकेंत गेलें. गुह्याला मोल कसें चढतें, हें आमच्याकडील वैद्यांच्या घराण्यांवरून वाचकांस ठाऊक आहेच.

हाय-हॅट मात्र काटकसरीचें अपत्य होय. पूर्वीं मोठा ढोल, लहान ढोल व झांजा यांस निरनिराळे वादक लागत. नाटकगृहांतील अपुरी जागा व अपुरा पैसा यांमुळें हीं सर्व कामें एकट्यावर आलीं, आणि १९२० नंतरच्या दशकांत त्याच्या रिकाम्या डाव्या पायाकडे झांजा सोंपविण्यांत आल्या. प्रथम त्या जमिनीलगत असत. पुढें दांडी उंच होऊन त्या हाताच्या टप्प्यांत आल्या. १९३० नंतरच्या दशकांत काउंट बेसीच्या वृंदांत जो जोन्स यानें ताल धरण्याचें काम ढोलाकडून काढून हाय-हॅटकडे दिलें. तेव्हांपासून तिच्या आवाजाला महत्त्व आलें.

आतां धातूचें पाहूं. शंभरांत ऐंशीं भाग तांबें व वीस भाग कथील हें जुनें कांसें. आपल्याकडील कांशाचे टाळ याच कुळांतले. तें थंड असतां ठिसूळ असतें. म्हणून ओतून, तापवून लाटावें व मग ठोकावें लागतें. श्रम फार, म्हणून किंमत फार. कथील आठच भाग घातलें तर पत्रा सहज निघतो, चकत्या कापून यंत्राखालीं दाबतां येतात. स्वस्त जोड्या बहुधा अशाच होतात. त्यांहून स्वस्त त्या पितळेच्या. त्यांचा नाद बोथट असतो.

एवढ्यावरून आठ भागांचें कांसें हलकें म्हणावें, तर इतिहास आड येतो. स्वित्झर्लंडमधील पाइस्ते कारखान्यानें १९७१ मध्यें याच धातूची ‘२००२’ ही मालिका काढली, आणि लेड झेपेलिनच्या जॉन बॉनहॅमसारख्या नामांकित वादकानें ती वापरली. धातु तोच, त्यावर खर्ची पडलेलें कौशल्य निराळें.

तेव्हां मिश्रणाच्या आंकड्यास भुलूं नये. नव्या पितळी जोडीपेक्षां दुसऱ्याच्या हातची कांशाची जोडी पुष्कळदां बरी पडते. कांसें काळवंडलें म्हणून त्याचा नाद जात नाहीं. कडेला व मधल्या भोंकापाशीं तडा नाहीं ना, एवढें पाहावें, आणि पुढचा निकाल कानाकडे सोंपवावा.