इनामगावचे एक दफन : व्यक्तीची इच्छा आणि समाजाची सत्ता

पुरातत्त्वीय अवशेषांचा अन्वयार्थ लावताना व्यक्तीच्या इच्छास्वातंत्र्यास किती स्थान द्यावे, हा प्रश्न १९८० च्या दशकात इयान हॉडर प्रभृती अभ्यासकांनी आग्रहाने उपस्थित केला. तत्पूर्वी लुईस बिनफर्ड यांच्या प्रभावाखालील नवपुरातत्त्वात संस्कृती ही पर्यावरणाशी जुळवून घेणारी व्यवस्था मानली जाई. तीत व्यक्तीला फारसे कर्तृत्व उरत नसे. हा वाद महाराष्ट्रातील एका दफनाच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे.

शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत जोर्वे काळी मृतांना घराच्या जमिनीखाली अथवा अंगणात पुरीत. लहान मुलांसाठी तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ आडवे ठेवीत; प्रौढांना उताणे निजवून बहुधा त्यांची घोट्याखालील पावले तोडीत. मृताने परत येऊ नये, अशी त्यामागील समजूत असावी. मात्र पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात, एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत आढळला. त्याची पावले शाबूत होती. घरालगत धान्याचे कोठार होते. हा ग्रामप्रमुख असावा आणि समाजात दर्जाभेद रुजला असावा, असे म. के. ढवळीकर यांनी प्रतिपादन केले.

घर, कोठार व दफन परस्परांस पुष्टी देतात. म्हणून हे अनुमान बळकट आहे. तथापि मृत व्यक्ती स्वतःचे दफन करीत नाही. रांजणात दिसते ती मागे राहिलेल्यांची कृती. कदाचित वारसा सांगू पाहणाऱ्या पुत्राची. उलटपक्षी, ज्या घरांनी आपल्या माणसाची पावले तोडली त्यांनीही दर वेळी एक निर्णयच घेतला. अँथनी गिडन्स यांच्या विवेचनानुसार सामाजिक नियम अशा पुनरावृत्त कृतींतूनच जिवंत राहतो. ते हात आईची पावले तोडताना कचरले असतील काय, हे अस्थी सांगत नाहीत. आणि जे मोजता येत नाही ते अहवालातून सहज गळते.

येथेच अन्वयार्थाची खरी अडचण आहे. नियम पाळणारा 'समाज' ठरतो आणि नियमास अपवाद ठरणारा 'प्रमुख'. हाच रांजण एखाद्या लहान झोपडीच्या अंगणात सापडता, तर त्यातील पुरुषास कोणी प्रमुख म्हटले नसते. मांत्रिक किंवा परका म्हटले असते. एखाद्या सामान्य कुटुंबाने केवळ मायेपोटी रूढी मोडली असेल, ही शक्यता मात्र क्वचितच विचारात घेतली गेली असती.