नांदूर मध्यमेश्वर पाणथळ

नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात असलेले मानवनिर्मित पाणथळ क्षेत्र व पक्षी अभयारण्य आहे. रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून नोंद झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय.

== निर्मिती ==
गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. येथून निघणारे डावा व उजवा हे दोन कालवे पर्जन्यछायेतील शेतीला पाणी पुरवतात. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यामुळे जलाशयाची साठवणक्षमता घटली. मात्र त्याच गाळातून उथळ पाणी, बेटे आणि दलदल निर्माण होऊन पाणपक्ष्यांना अनुकूल अधिवास मिळाला.

== जीवसृष्टी ==
उथळ पाण्यात पाणवनस्पती, कीटक, गोगलगायी व मासे विपुल आढळतात. काठावरील पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी वावरते, तर तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटे करतो. चमचा, शराटी, चित्रबलाक व शेकाट्या हे पक्षी पाय बुडतील एवढ्याच पाण्यात अन्न शोधतात. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या व चक्रवाक हे स्थलांतरित पक्षी येतात. मध्य आशियात वीण करणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून येथे पोहोचतो. रामसर नोंदीनुसार या क्षेत्रात ५३६ प्रजाती आढळल्या आहेत. त्यांत लांब चोचीचे गिधाड, पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक लहान मासा या अतिसंकटग्रस्त प्रजातींचा समावेश आहे. परिसरात बिबट्याचाही वावर आहे.

== संरक्षण ==
इ.स. १९८६ मध्ये या परिसरास अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. २१ जून २०१९ या दिनांकापासून १,४३७ हेक्टर क्षेत्र रामसर स्थळ ठरले. ही नोंद जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. वन्यजीवांचे व्यवस्थापन वन विभागाकडे आहे. चापडगाव येथे पक्षी निरीक्षणाची सोय आहे.

== धोके ==
नदीतून येणारे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांमुळे पाण्यातील पोषकद्रव्ये वाढतात व जलपर्णी फोफावते. तिचा जाड थर सूर्यप्रकाश अडवतो, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि बदकांना लागणारे मोकळे पाणी कमी होते. जलपर्णी काढून टाकली तरी पोषकद्रव्यांचा ओघ सुरू राहिल्यास ती पुन्हा पसरते. त्यामुळे येथील संरक्षण वरच्या भागातील सांडपाण्याच्या शुद्धीकरणावरही अवलंबून आहे.

पाण्याची पातळी हा दुसरा महत्त्वाचा घटक आहे. पातळी हळूहळू उतरल्यास उघड्या पडलेल्या चिखलात पाणथळीतील पक्ष्यांना खाद्य मिळते. ती एकाएकी वाढल्यास काठावरील घरटी बुडतात आणि फार घटल्यास जलचरांचा आसरा नाहीसा होतो. बंधारा मुळात सिंचनासाठी असल्याने पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात शेतीची गरज व पक्ष्यांचा अधिवास यांचा मेळ घालणे आवश्यक ठरते.