पी. एल. ४८०

७. पी. एल. ४८० : अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या स्वाक्षरीने १० जुलै १९५४ रोजी अमलात आलेला ४८० क्रमांकाचा कायदा. स्वदेशीय शिलकी धान्य मित्रराष्ट्रांस त्यांच्याच चलनात विकून आपल्या शेतकऱ्यांस बाजारपेठ मिळवून द्यावी, आणि क्षुधेच्या वाटेने साम्यवादाचा शिरकाव होऊ नये, असा त्याचा दुहेरी हेतू होता. भारताने पहिला करार १९५६ साली केला. परंतु १९६५-६७ च्या अवर्षणकाळात अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीची मंजुरी तहकूब ठेवून अल्प मुदतीच्या हप्त्यांनी धान्य सोडले, त्यामागे शेतीसुधारणेच्या आग्रहाबरोबरच व्हिएतनाम-युद्धावरील भारताच्या टीकेचा रोषही होता, आणि त्या मानहानीतूनच अन्नस्वावलंबनाचा आपला निर्धार दृढ झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यातील दुष्काळग्रस्तांच्या वाट्यास आलेली तांबडी ‘मिलो’ ज्वारी अमेरिकेचीच असली, तरी ती या कायद्याखालची समजू नये. कारण सवलतीची ती खरेदी भारताने १९७१ अखेर थांबविली होती, आणि १९७२-७३ ची मिलो परकीय चलन मोजून घेतलेली होती. — संपा.