धारवाडचा अर्ज

शिक्षणसंस्थेनें जातीमुळें किंवा वर्णामुळें दार लावलें, हें सिद्ध करणें सहसा अवघड असतें. जागा नाहीं, पात्रता नाहीं, अशी सबब पुढें करतां येते. धारवाडचें प्रकरण मात्र उलट आहे.

जून १८५६ मध्यें तेथील सरकारी शाळेनें एका महार मुलास प्रवेश नाकारला. त्यानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. २१ जुलैच्या ठरावांत सरकारनें कबूल केलें कीं, न्याय मुलाच्या बाजूस आहे. परंतु एकट्याकरितां त्यास इतरांत बसविल्यास शाळाच बहुजनांस निरुपयोगी होईल. म्हणजे पुरावा प्रतिपक्षानेंच लिहून दिला, प्रवेश मात्र दिला नाहीं! आजवर पुढें आलेला हा एकटाच महार, असेंही ठरावांत म्हटलें. जणूं एकटेपणा हाच त्याचा अपराध.

(आमच्या बुलढाण्याकडील वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें इंग्रजांकडे आला होता, पण तो मुंबई इलाख्यांत नव्हता.)

जानेवारी १८५७ मध्यें कलकत्त्याहून गव्हर्नर-जनरलांनीं कळविलें कीं, बंगालच्या सरकारी शाळेंत असा नकार मिळाला नसता. १८५८ सालीं लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें बजावलें.

अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानेंही लॉईड गेन्स या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास वर्णामुळेंच कायद्याच्या शाळेंत घेतलें नाहीं. परराज्यांतील शिक्षणाची फी देऊं केली. १९३८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही पळवाट अमान्य केली. गेन्स १९३९ मध्यें बेपत्ता झाला. त्या शाळेंत त्याचें पाऊल पडलें नाहीं.