रडारची भट्टी फिरत्या घरात

घरातला मायक्रोवेव्ह ओव्हन बंद पडला की तो उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेता येतो. मोटरहोममधल्या, म्हणजे फिरत्या घरातल्या ओव्हनचे तसे नसते. तो कपाटाच्या फळ्यांमध्ये चारही बाजूंनी जखडलेला असतो, त्याला वीज बॅटरीवरून किंवा जनरेटरवरून मिळते आणि गाडी परदेशी बनावटीची असेल तर त्याचे व्होल्टसुद्धा आपले नसतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशी एखादी गाडी वाटेत बिघडून बारामती एमआयडीसीतल्या शेडमध्ये आली, असे समजू. पियाजिओची तीनचाकी वाहने जिथे तयार होतात तिथे पत्रेकाम, वेल्डिंग, वायरिंग जाणणाऱ्या हातांची वाण नाही. ओव्हनमधला दिवा लागतो, तबकडी फिरते, पंखा घरघरतो, पण पाणी गरम होत नाही. तो दुरुस्त करावा की बदलावा?

फिरते स्वयंपाकघर या भागाला नवे नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते, तेव्हा दिंड्यांचे मालट्रक शेगड्या, पातेली आणि शिधा घेऊन पुढच्या मुक्कामी पोचलेले असतात. पण शेगडी बिघडली तर कारण डोळ्यांना दिसते. मायक्रोवेव्हचा बिघाड दिसत नाही. तो समजून घ्यायचा तर ही वस्तू कुठून आली ते पाहिले पाहिजे, कारण तिचा प्रत्येक भाग आपापला इतिहास बाळगून आहे.

सूक्ष्मलहरी प्रयोगशाळेत खेळवणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत आपले जगदीशचंद्र बोस होते. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या होत्या. मात्र ठिणगीतून निघणाऱ्या त्या लहरींत शक्ती फार थोडी होती. १९२१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट हल यांनी चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉनांना वळवणारी निर्वात नळी तयार केली; मॅग्नेट्रॉन हे नाव तिथून आले. तीही सुरुवातीला दुबळीच होती.

दुसऱ्या महायुद्धाने गरज निर्माण केली. ब्रिटनच्या किनाऱ्यावरची रडार केंद्रे मीटरभर किंवा त्याहून लांब लहरी वापरत. लहर जेवढी लांब तेवढा अँटेना मोठा, आणि तेवढा मोठा अँटेना विमानाच्या नाकात मावणार कसा? दहा सेंटिमीटरच्या लहरी हव्या होत्या, त्याही जोरदार. २१ फेब्रुवारी १९४० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात गोल पोकळ्या कोरून बनवलेला मॅग्नेट्रॉन सुरू केला. त्यातून ९.८ सेंटिमीटरच्या लहरी सुमारे ४०० वॅट शक्तीने बाहेर पडल्या. (सोव्हिएत संशोधक अलेक्सेयेव आणि माल्यारोव यांनी याच धर्तीचे काम आधी केले होते, परंतु युद्धाच्या धामधुमीत ते जगापर्यंत पोचले नाही.)

हे यंत्र चालते कसे? मधोमध तापलेला ऋणाग्र, भोवती तांब्याचे कडे, कड्यात पोकळ्या. इलेक्ट्रॉन कड्याकडे धाव घेतात, पण वरून-खालून बसवलेली चुंबके त्यांना सरळ जाऊ देत नाहीत. ते गोल फिरत पोकळ्यांच्या तोंडांवरून जातात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की बाटली घुमते ना, तसेच. बाटलीचा स्वर तिच्या आकाराने ठरतो. मॅग्नेट्रॉनची वारंवारता पोकळीच्या आकाराने ठरते. हा दाखला वर्गात पन्नास पैशांचाही खर्च न करता देता येतो.

सप्टेंबर १९४० मध्ये सर हेन्री टिझर्ड यांच्या शिष्टमंडळाने हा मॅग्नेट्रॉन अमेरिकेत नेला. तेथील रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे, शाळा अर्धवट सुटलेले पण हाताने हुशार गृहस्थ होते. ठोकळा कोरत बसण्याऐवजी तांब्याच्या पातळ चकत्या छापून, एकावर एक रचून त्या जोडाव्यात, ही युक्ती त्यांची. कंपनीचे उत्पादन दिवसाला १७ वरून २,६०० पर्यंत गेल्याचे सांगतात. माझ्या मते खिशातले चॉकलेट वितळल्याच्या प्रसिद्ध गोष्टीपेक्षा ही चकत्यांची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मॅग्नेट्रॉन स्वस्त झाला नसता तर तो स्वयंपाकघरात आलाच नसता.

ऑक्टोबर १९४५ मध्ये स्पेन्सर यांनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेला ‘रडाररेंज’ माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला त्याला पाण्याचा नळ जोडावा लागे. तरीही तो लवकरच फिरतीवर निघाला. ‘सव्हाना’ या अमेरिकेच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या व्यापारी जहाजाच्या स्वयंपाकघरात १९६१ च्या सुमारास रडाररेंज बसवण्यात आला होता. १९६७ मध्ये अमाना कंपनीने टेबलावर मावणारा, वाऱ्याने थंड होणारा घरगुती ओव्हन आणला. पाण्याची जागा पंख्याने घेतली, आणि मोटरहोममधल्या ओव्हनच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. पंख्याला हवा लागते. घरगुती ओव्हन नुसता मापात बसतो म्हणून बंद कपाटात कोंबला तर मॅग्नेट्रॉन तापतो, तापमान-स्विच तुटतो आणि मालक म्हणतो, ‘ओव्हन पाच मिनिटांत दमतो.’ अशा वेळी इलेक्ट्रिशियनच्या आधी सुताराला बोलवावे.

इथे एक प्रचलित गैरसमज दूर करू. ओव्हनची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ असते, आणि ती पाण्याच्या रेणूची अनुनाद वारंवारता आहे असे अनेक पुस्तकांत छापले जाते. ते बरोबर नाही. द्रवरूप पाणी सूक्ष्मलहरी सर्वाधिक जोमाने शोषते ते याच्या कितीतरी पुढे, सुमारे २० गिगाहर्ट्झच्या आसपास. २,४५० हा आकडा दूरसंचाराला अडथळा नको म्हणून उद्योगांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांपैकी एकाचा आहे. शोषण माफक असते हे सोयीचेच, नाहीतर बटाट्याची साल करपली असती आणि आतला भाग कच्चा राहिला असता. लहरीची लांबी १२.२ सेंटिमीटर येते. तबकडी काढून, कच्चा पापड ठेवून ओव्हन काही सेकंद चालवला तर पापड ठिकठिकाणी फुलतो. लगतच्या फुललेल्या जागांमधील अंतर सहा सेंटिमीटरच्या जवळपास भरते. त्याची दुप्पट गुणिले वारंवारता, म्हणजे प्रकाशाचा वेग. उत्तर ढोबळ येते, पण विद्यार्थी ते विसरत नाहीत.

आता शेडमधल्या गाडीकडे वळू. आतल्या खोक्याच्या भिंतीवर अभ्रकाचा एक लहानसा पत्रा असतो, लहरींच्या मार्गावरचे झाकण. त्यावर तेल-मसाला उडाला की तो काळवंडतो, ठिणग्या पडतात आणि लोक मॅग्नेट्रॉन गेला असे समजतात. कोडर्मा-गिरिडीहच्या खाणींतल्या अभ्रकावर महायुद्धात मित्रराष्ट्रांचे रेडिओ आणि रडार चालत होते; त्याच खनिजाचा हा स्वस्त तुकडा बदलला की पुष्कळदा काम भागते. त्यानंतर दाराचे स्विच पाहावेत. रस्त्याच्या खड्ड्यांनी ते सैल होतात. दार मात्र हातोडीने ठोकून सरळ करू नये. जाळीची भोके १२ सेंटिमीटरच्या लहरीपुढे इतकी लहान की लहर त्यांतून निसटत नाही, आणि दाराच्या कडेला पाव लहर खोलीची खाच तिला परतवते. ही मापे बिघडली तर गळती होते. वाकलेल्या दाराचा ओव्हन बदलणेच योग्य.

विजेचा प्रश्न वेगळा. १,२०० वॅट ओढणारा ओव्हन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर १०० अँपिअर प्रवाह हवा, इन्व्हर्टरमधला अपव्यय धरून त्याहूनही जास्त. घरच्या वायरिंगची तार तिथे चालणार नाही. अमेरिकी गाडीतला ओव्हन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. व्होल्ट रोहित्राने बदलता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. ६० हर्ट्झसाठी बनवलेले रोहित्र ५० हर्ट्झवर चालवले की त्याचा लोखंडी गाभा संपृक्त होतो आणि तापतो. अशा ओव्हनमध्ये नवा मॅग्नेट्रॉन घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा, हवेची वाट असलेला नवा ओव्हन बसवावा आणि कपाटाचे माप त्याच्याप्रमाणे करून घ्यावे.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट. मॅग्नेट्रॉनला हजारो व्होल्ट लागतात. रोहित्र सुमारे दोन हजार व्होल्ट तयार करते, धारित्र आणि डायोड मिळून ते दुप्पट करतात. प्लग काढल्यावरही धारित्रात भार उरू शकतो. पण त्याहून घातक रोहित्रच, कारण त्याच्यात तो दाब आणि जीव घेण्याइतका प्रवाह दोन्ही एकत्र असतात. घरच्या झटक्यासारखी हात झटकून सुटण्याची संधी तिथे नसते. परदेशात जुन्या ओव्हनचे रोहित्र काढून लाकडावर जळकी नक्षी काढण्याच्या छंदात अनेकांचे प्राण गेले आहेत. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शन जवळ आले की मुले भंगारवाल्याकडून जुने ओव्हन आणतात, आणि त्या रोहित्रातून ‘वीज पाडून दाखवण्याचा’ मोह होतो. शिक्षकांनी याला स्पष्ट नकार द्यावा. आयटीआयच्या मुलांनीही बाहेरचे कवच प्रशिक्षित निदेशक शेजारी असल्याशिवाय उघडू नये.

मॅग्नेट्रॉनचे आणखी एक घराणे आपल्या राज्यात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सूक्ष्मलहरींच्या उपकरणांसाठी एक विभाग सुरू झाला. त्यातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही संस्था उभी राहिली. तिने कर्करोगावरच्या किरणोपचारासाठी ‘सिद्धार्थ’ हा रेषीय त्वरक बनवला, तो सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बसवला गेला. त्यात इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या सूक्ष्मलहरी पुरवतो तो मॅग्नेट्रॉनच, फक्त ओव्हनमधल्यापेक्षा हजारो पटींनी जोरदार स्पंद देणारा.

शेडमधला निकामी मॅग्नेट्रॉन काढल्यावर तंत्रज्ञाकडून त्याची दोन कड्यासारखी फेराइट चुंबके मागून घ्यावीत. शाळेच्या प्रयोगशाळेत ती वर्षानुवर्षे टिकतात. चिनीमातीसारखा दिसणारा त्याचा भाग मात्र फोडू नये. जुन्या बनावटीच्या काही नळ्यांत तो बेरिलियम ऑक्साइडचा असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना विषारी आहे.