टिंबाच्या उजवीकडे

कोल्हापूरजवळच्या कळंब्यात चपला किंवा गूळ विकणाऱ्या कुणाला वेबसाइट काढायची झाली की घरची सगळी चर्चा नावावर रंगते. वेबसाइटच्या पत्त्यात टिंबानंतर काय घ्यायचे, ते मात्र स्वस्तात काय मिळते त्यावर ठरते. या विषयाकडे वळणाऱ्याने आधी त्या दुर्लक्षित उजव्या बाजूकडे बघावे. तिथे इतिहास आहे, कायदा आहे आणि थोडे राजकारणही.

डॉट कॉम 1985 पासून चालू आहे. ते व्यापारी संस्थांसाठी होते, आता कुणालाही मिळते. डॉट इन 1989 मध्ये भारताच्या वाट्याला आले. सुरुवातीला त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून चाले आणि नियम इतके कडक होते की छोटा दुकानदार त्या वाटेला जातच नसे. 2005 मध्ये निक्सीने (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) सूत्रे घेतली आणि नोंदणी सर्वांना खुली झाली.

पण खुल्या दारातून कुणीही येतो. म्हणून माझ्या मते पत्त्याच्या कोणत्याही शेवटाचे वजन तो कुणाला बाहेर ठेवतो यावर मोजावे. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह सर्व बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितले. तो शेवट बँकेखेरीज कुणाला मिळत नाही, म्हणून तो वाचूनच ग्राहकाला काहीतरी कळते. डॉट शॉप किंवा डॉट स्टोअर पैसे भरून कुणीही घेतो. विकणारा कोण, हे त्यातून कळत नाही.

मग डॉट इन का घ्यावे? एक कारण असे की त्यावरचा वाद निक्सीच्या लवादापुढे, भारतातच चालतो. न्यायालये मात्र मुख्यतः टिंबाच्या डावीकडे, म्हणजे नावाकडे बघतात. रेडिफ या वेबसाइटच्या नावाशी एका स्वराच्या फरकाने जुळणारे ‘रॅडिफ’ हे नाव मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये रोखले. 2004 च्या सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते असे मानले.

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. 2019 चे तिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचे सामाईक आहे. डोमेनमध्ये ‘कोल्हापुरी’ शब्द आधी पटकावला म्हणून मानांकनाचा हक्क मिळत नाही. मानांकनाच्या नोंदवहीत आपले नाव वेगळे घालावे लागते.

देवनागरीतले डॉट भारत 27 ऑगस्ट 2014 ला खुले झाले, मराठी त्यात पहिल्या दिवसापासून आहे. पाटीवर ते शोभते, पण कित्येक ईमेल यंत्रणा आणि अर्ज अजून असा पत्ता नाकारतात. तेव्हा ते जोडीला घ्यावे, एकुलते एक नको. परदेशी गिऱ्हाईक असेल तर डॉट कॉमही घेऊन ठेवावे.

आणि नोंदणी कुणाच्या नावावर झाली ते आजच तपासावे. वेबसाइट करून देणाऱ्याच्या ईमेलवर ती असेल, तर नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच जाते.